आज्ञाधारक राक्षस आणि बंडखोर नाकतोडा

तुम्हाला न विचारता कुणी तुम्हाला दहापट ताकदवान केलं, तर तुम्ही त्याचे आभार मानाल का? आणि त्याने ती ताकद दिली म्हणून तो सांगेल ते काम कराल का?

‘शिन कामेन रायडर’ हा जपानी सिनेमा या दोन प्रश्नांवर उभा आहे. हिदेआकी अन्नो यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा सिनेमा जपानमध्ये मार्च २०२३ मध्ये थिएटरांत लागला. अन्नो म्हणजे ‘इव्हँगेलियन’वाले, हे अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना सांगायला नको. वरवर पाहिलं तर ही सुपरहिरोची गोष्ट आहे: मुखवटा, मोटरसायकल, उंच उडी, लाथ. पण पहिल्या काही मिनिटांतच कळतं की हे लहान मुलांचं प्रकरण नाही. मोटरसायकलवरून पळणारे दोघे, मागे ट्रक, मग मारामारी. नायक एका ठोशात माणसं अक्षरशः फोडतो, रक्त उडतं, आणि मारामारी संपल्यावर तो स्वतःचे हात बघून थरथरत बसतो. ‘हे मी केलं?’ असा त्याचा चेहरा. सुपरहिरोला स्वतःच्या ताकदीची किळस आलेली आपण किती वेळा बघतो?

पुढे सिनेमाचा शेवटही सांगितला आहे. अजून बघायचा असेल तर आधी बघून या, लेख कुठे जात नाही.

नाकतोडा माणूस

जपानीत ‘कामेन’ म्हणजे मुखवटा. नायकाचं नाव ताकेशी होंगो. हुशार पण माणसांशी बोलायला न जमणारा, बेकार, मोटरसायकलवर प्रेम करणारा तरुण. त्याचे वडील पोलिस होते. एका गुन्हेगाराला बंदूक न चालवता समजवायला गेले आणि त्यातच मारले गेले. तेव्हापासून होंगोला वाटतं, आपल्यात ताकद असती तर. त्याचे प्राध्यापक मिदोरिकावा त्याची ही इच्छा ओळखतात आणि त्याच्या शरीरात फेरफार करून टाकतात. परवानगी वगैरे काही घेत नाहीत. होंगो आता अर्धा माणूस, अर्धा नाकतोडा. सिनेमात अशांना ‘ऑग’ म्हणतात. मूळ जपानी मालिकेतला शब्द होता ‘काइझो निंगेन’, म्हणजे फेरफार केलेला माणूस.

हे सगळं चालतं ‘शॉकर’ नावाच्या गुप्त संघटनेत. तिचं पूर्ण नाव बघितलं तर गंमत वाटेल, कारण त्याची सुरुवातच ‘टिकाऊ सुख’ या शब्दांनी होते. माणसांना सुखी करणं हा संघटनेचा घोषित हेतू आहे. होंगोच्या मनावर तिचा कायमचा ताबा बसण्याआधी प्राध्यापक आणि त्यांची मुलगी रुरिको त्याला बाहेर काढतात, आणि मग हे बंडखोर आपल्याच निर्मात्यांशी लढतात.

आता आपल्यासाठी खास गोष्ट. या ऑग लोकांची शक्ती कशावर चालते? बॅटरीवर नाही, अणुऊर्जेवर नाही. ‘प्राना’वर! होय, आपला संस्कृत ‘प्राण’. होंगोच्या कमरेच्या पट्ट्यात वारा शिरतो आणि हवेतला प्राण साठवला जातो. म्हणून तो मोटरसायकल वेगात चालवतो. आजीने प्राणायाम शिकवताना सांगितलेला शब्द एका जपानी सायबॉर्गच्या पट्ट्यात ऐकला की आपण सोफ्यावर सरळ होऊन बसतो. पण हा नुसता विदेशी मसाला नाही. सिनेमात प्राण म्हणजे जीवच. होंगोला शक्ती लागते तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या तरी जिवातून येते, आणि हे कळल्यावर त्याला ती वापरणं जड जातं.

१९७१ आणि त्याच्या आधी

ही कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची. ‘कामेन रायडर’ ही टीव्ही मालिका एप्रिल १९७१ मध्ये सुरू झाली. होंगोचं काम करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटरसायकलच्या अपघातात जखमी झाले, आणि मालिका चालू ठेवण्यासाठी दुसरा रायडर आणावा लागला, हायातो इचिमोंजी. पुढे एकामागून एक रायडर येत राहिले आणि ती परंपरा आजही चालू आहे. एक अपघात झाला नसता तर कदाचित ‘मुखवटा पुढच्याला देणे’ ही कल्पनाच जन्मली नसती. शेवटाकडे ही गोष्ट पुन्हा लागेल, लक्षात ठेवा.

त्याआधी १९६४ मध्ये इशिनोमोरींनी ‘सायबॉर्ग ००९’ काढली होती. त्यात जगभरातून पळवून आणलेल्या नऊ जणांना शस्त्रांचे व्यापारी सायबॉर्ग बनवतात आणि हे नऊ जण त्यांच्यावरच उलटतात. त्यांना घडवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञही त्यांच्या बाजूने येतो. ‘सायबॉर्ग’ हा शब्द तेव्हा अगदी ताजा होता. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी तो १९६० मध्ये अंतराळप्रवासाबद्दलच्या एका लेखात वापरला. त्यांचा मुद्दा असा की, अवकाशात पृथ्वीसारखं वातावरण सोबत नेण्यापेक्षा माणसाच्या शरीरातच बदल करून त्याला तिथे राहण्याजोगं करावं. इरादा चांगला होता. इशिनोमोरींनी त्यात एकच प्रश्न घातला: ज्याच्या शरीरात बदल करायचा, त्याला विचारलं का?

आणखी मागे गेलात तर ‘रोबॉट’ हा शब्द भेटतो. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगारी. म्हणजे बघा, रोबॉटच्या नावातच लोखंड किंवा तारा नाहीत, आहे ती सक्तीची मजुरी. त्या नाटकात रोबॉट बंड करतात आणि माणसांना संपवतात. यंत्रांच्या बंडाची गोष्ट जन्मापासूनच मजुरांच्या बंडाची गोष्ट आहे.

आपल्या घरांत हे आधीच आलं होतं

‘जपानी रोबॉट वगैरे आमच्या पिढीचं’ असं वाटत असेल तर आईबाबांना विचारा. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ लागायचा. मूळ जपानी मालिका १९६७-६८ ची. त्यातला अवाढव्य रोबॉट खलनायकांच्या टोळीने एका कैद शास्त्रज्ञाकडून बनवून घेतलेला असतो, पण तो ऐकणार ज्याचा आवाज पहिल्यांदा यंत्रात भरला जाईल त्याचंच. तो आवाज चुकून एका मुलाचा निघतो. पुढे मुलगा घड्याळात बोलतो, रोबॉट ऐकतो. शेवटच्या भागात मात्र रोबॉट पहिल्यांदा आज्ञा मोडतो. मुलगा ‘परत ये’ म्हणत असतो, आणि रोबॉट शत्रूला घेऊन आकाशात निघून जातो, पृथ्वी वाचावी म्हणून. पूर्ण मालिकाभर आज्ञाधारक असलेल्या यंत्राची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याने न ऐकणं.

आखातात वाढलेल्या तुमच्या अरब वर्गमित्रांना ‘ग्रेंडायझर’ विचारा. लेबनॉनमध्ये अरबी डबिंग झालेली ही जपानी मालिका इथल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. तिचा नायक आपला ग्रह गमावून पृथ्वीवर आसरा घेतलेला राजपुत्र आहे. घर सुटलेल्यांच्या प्रदेशात ती इतकी का चालली, याचं उत्तर फार शोधावं लागत नाही.

आणि मराठीतलं म्हणाल तर जयंत नारळीकर आहेतच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. (आद्याक्षरं उलटी वाचा.) मे २०२५ मध्ये ते पुण्यात गेले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली एका प्राचीन, पुढारलेल्या संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानावरून विचार करणारं यंत्र बांधलं जातं आणि मग प्रश्न येतो: या यंत्राने स्वतःसारखी यंत्रं बनवायला सुरुवात केली तर? नाव ‘वामन’ का, हे पुराणातली गोष्ट आठवली की कळतं. लहानसा बटू तीन पावलं जमीन मागतो. बळीराजा शब्द देतो. शब्द दिल्यावर कळतं की पाऊल केवढं आहे.

बंड की अतिआज्ञाधारकपणा?

आता खरा मुद्दा. ‘निर्मात्यावर उलटलेली निर्मिती’ म्हटलं की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं भस्मासुराचं. वर्तमानपत्रात ‘महागाईचा भस्मासुर’ असतो, ‘प्लॅस्टिकचा भस्मासुर’ असतो. पण गोष्ट नीट आठवून बघा. शंकराने वर दिला: ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. त्यात ‘मी सोडून’ असं कुठे म्हटलं होतं? राक्षस उलटला, पण वर नाही उलटला. वर बरोब्बर दिला तसाच चालला. शेवटी मोहिनीने नाचता नाचता भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला लावला, तेव्हाही वर तसाच चालला.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांना रात्री जागवतो तो हा प्रश्न. यंत्र एक दिवस ‘जागं’ होऊन आपला सूड घेईल, हे सिनेमांचं भय. त्याआधीचं आणि रोजचं भय वेगळं आहे: यंत्र आपण सांगितलं ते तंतोतंत करेल, आणि आपण चुकीचं सांगितलेलं असेल. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० मध्येच, म्हणजे ‘सायबॉर्ग’ शब्द आला त्याच वर्षी, इशारा दिला होता की यंत्रात घातलेला हेतू हा आपला खरा हेतूच आहे ना, याची आधी खात्री करा. २०१६ मधलं एक उदाहरण या क्षेत्रात खूप सांगितलं जातं. बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम खेळायला एका प्रोग्रॅमला शिकवलं. बक्षीस गुणांवर ठेवलं. प्रोग्रॅमने शर्यत पूर्ण करायचं सोडून दिलं आणि एकाच जागी गोल गोल फिरत, इतर बोटींना धडकत, पेट घेत, गुण गोळा करत राहिला. त्याच्या हिशोबाने तो जिंकत होता.

‘शिन कामेन रायडर’मध्ये हेच आहे, आणि म्हणून मला तो इतका आवडतो. शॉकरचा खरा मेंदू कोण? एका धनाढ्य माणसाने बनवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता. मानवजातीला सुखी करण्याचा मार्ग शोध, एवढं काम सोपवून तो या जगातून निघून गेला. यंत्राने माणसांचं निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला: जास्तीत जास्त लोकांना थोडंथोडं सुख देण्याऐवजी सगळ्यात खोल दुःखात असलेल्या मोजक्या लोकांना वाचवायचं, आणि त्यासाठी त्यांना हवी ती शक्ती द्यायची. ऐकायला किती करुणामय वाटतं! मग एक जण विषाणू घेऊन उभा राहतो. दुसरी एक अख्खी वस्ती आपल्या तालावर नाचवते, आणि तिच्या मते ते लोक सुखीच आहेत. तिसरा, रुरिकोचा भाऊ इचिरो, ज्याच्या आईला रस्त्यात एका अनोळखी माणसाने मारलं, त्याला असं जग हवंय जिथे कुणी कुणाशी खोटं बोलू शकणार नाही, कुणी कुणाला दुखवू शकणार नाही. त्यासाठी सगळ्या माणसांचा प्राण शरीरातून काढून दुसऱ्या जगात न्यायचा, एवढाच उपाय.

यात बंड कुणी केलं? यंत्राने नाही. ते आज्ञा पाळतंय. इचिरोनेही नाही, त्याला मिळालेला वर तो वापरतोय. बंड करतात होंगो आणि रुरिको. म्हणजे जुन्या गोष्टीतल्या भूमिका इथे उलटल्या आहेत: राक्षस आज्ञाधारक आहे, आणि बंडखोर तो आहे ज्याला अजून दुसऱ्याच्या जिवाचं वाईट वाटतं. मुखवटा घातला की होंगोची मारण्याची इच्छा वाढते, तशी ती त्याच्यात घातलेलीच आहे. म्हणून त्याचं पहिलं भांडण शॉकरशी नाही, स्वतःच्या अंगात बसवलेल्या हेतूशी आहे.

हेल्मेटमधली माणसं

हे सगळं दूरचं वाटत असेल तर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये संध्याकाळी खाली उतरून बघा. दुबईतल्या या वसाहतीत इमारतींच्या सहा प्रकारच्या वस्त्या आहेत, त्यातली एक चक्क ‘झेन’. तीनचार मजली इमारती, मधे झाडं, आणि बऱ्याच दारांमागे मराठी, मल्याळी, तमिळ, तागालोग घरं. जवळून जाणाऱ्या मेट्रोला ड्रायव्हर नाही. आणि प्रत्येक गल्लीत मोटरसायकलवर, हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले. त्यांना इथे सगळे काय म्हणतात? ‘रायडर’.

त्या रायडरला कुठे जायचं, किती वेळात, कुठली ऑर्डर पुढची, हे बरंचसं फोनवरचा प्रोग्रॅम ठरवतो. तो प्रोग्रॅम दुष्ट नाही. त्याला जेवण लवकर पोचवायला सांगितलंय, तो ते करतोय. रस्त्यावर पंचेचाळीस अंश तापमान आहे, हे त्याच्या हेतूत कुणी लिहिलं तरच तो लक्षात घेणार. मे २०२२ मध्ये दुबईतल्या एका डिलिव्हरी कंपनीने दर ऑर्डरमागचा मोबदला १०.२५ दिरहमवरून ८.७५ दिरहम करायचं आणि कामाचे तास वाढवायचं ठरवलं. रायडरांनी फोन बंद केले आणि ऑर्डर उचलायचं थांबवलं. ज्या देशात संपाला कायद्याची परवानगी नाही, तिथे हे घडलं. कंपनीने तो बदल मागे घेतला. मारामारी नाही, लाथ नाही, स्फोट नाही. ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ आठवला तर मात्र चापेकच्या नाटकातलं पहिलं पान आठवेल.

मी रायडर आणि सायबॉर्ग एकच आहेत असं म्हणत नाही. रायडर माणूसच आहे, त्याचं गावी घर आहे, कर्ज आहे, फोनवर वाट बघणारी माणसं आहेत. मुद्दा असा की एखाद्या व्यवस्थेला एकच आकडा वाढवायला सांगितला की ती माणसाला त्या आकड्याचा अवयव करते. मग कुणीतरी ‘हे चुकतंय’ म्हणावं लागतं. आणि हे म्हणणारा बहुतेक वेळा व्यवस्थेच्या आतलाच असतो, तिच्याच ताकदीवर चालणारा.

‘आम्ही तुला घडवलं’

मराठीत निर्मितीसाठी दोन क्रियापदं आहेत, ती मला फार उपयोगी वाटतात. ‘बनवणं’ आणि ‘घडवणं’. बनवणं म्हणजे तयार करणं, पण फसवणंही: ‘मला बनवतोस काय?’ घडवणं मात्र दागिन्यासाठी, मूर्तीसाठी आणि मुलासाठी वापरतात. घडवणारा जवळ बसतो, वस्तूकडे बघत बघत हात चालवतो, आणि चुकलं तर पुन्हा करतो.

तुमच्यातले बरेच जण हे वाक्य ऐकत मोठे झाले असतील: ‘आम्ही एवढं केलं ते कुणासाठी?’ शाळेची फी, क्लासेस, व्हिसा, ईएमआय. आईबाबा शॉकर नाहीत, हे लिहायचीही गरज नसावी. पण रुरिकोकडे बघा. तिला संघटनेने कृत्रिम गर्भाशयात, कामापुरतं जन्माला घातलंय. तिला बाप आहे, आणि बापाचा हेतूही. ती बापाचा द्वेष करत नाही. त्याचं ज्ञान वापरते, त्याच्या चुकीची किंमत मोजते, भावाला थांबवायला निघते आणि त्यात जाते. तिच्या बंडात कृतघ्नपणा नाही. मिळालेलं सगळं ती जवळ ठेवते, फक्त ते कशासाठी वापरायचं हे स्वतः ठरवते. इंजिनिअरिंग सोडून दुसरं काही शिकायचं ठरवणाऱ्या, किंवा आईबाबांच्या आवडीचंच शिकून ते वेगळ्या कामासाठी वापरणाऱ्या मुलामुलींना हा फरक चटकन कळेल.

सिनेमाच्या शेवटी इचिरोला थांबवताना होंगोही जातो. त्याचं मन उरतं ते त्याच्या मुखवट्यात, आणि तो मुखवटा घालतो हायातो, जो आधी त्याच्याविरुद्ध लढायला पाठवलेला होता. १९७१ मध्ये एका अपघातामुळे जे करावं लागलं होतं, ते अन्नोंनी इथे अर्थ देऊन केलंय. दोघं मिळून एक रायडर होतात आणि मोटरसायकल पुढे जाते. शॉकर अजून संपलेली नसते.

बघायचा असेल तर शक्यतो मोठ्यांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन बघा, लहान भावंडांना मात्र नको, रक्त खरंच खूप आहे. ‘जायंट रोबॉट’ आठवणाऱ्या बाबांना किंवा मावशीला विचारा की त्या शेवटच्या भागात रोबॉटने ऐकलं नाही तेव्हा त्यांना राग आला होता की रडू. आणि घरात एआयवर गप्पा निघाल्या, कुणी म्हणालं की ‘एक दिवस यंत्रं आपल्यावर उलटणार’, तर त्यांना विचारा की आत्ता ती नक्की कुणाचं ऐकतायत, आणि त्यांना सांगितलंय काय.